हातचा पेला

धावजी : टेबलावर कायले ठेवतं? हातात दे न माह्या.

राखी : सगळ्यांना टेबलावरच ठेवते, मोठेबापू. कंपनीची पद्धत आहे. उचला आणि प्या.

धावजी : त्या गॉगलवाल्या साहेबाले हातात देलं, म्या पाह्यलं. हसून देलं. माह्यापुढं ठक्कन आपटला गिलास. बापाच्या सख्ख्या भावाले असं वागवाले शिकवते काय नागपूरले?

राखी : त्या गॉगलवाल्यानं माझ्या बापूला गावभर दारुडा नाही म्हटलं.

धावजी : हळू बोल. लोक पाहून राह्यले.

राखी : पाहू द्या. मी हसूनच बोलते आहे. हसायचा पगार भेटते मला.

धावजी : वा रे वा! वाईनच्या बाटल्या मांडून उभी हायेस, अन् बापाले दारुडा म्हणलं तर राग येते. अशी कशी वं तू?

राखी : ही जांभळाची. पहिली चव. घ्यायची तर घ्या, मागं लाइन लागली आहे.

धावजी : लाइन-बाइन नाही माह्यामागं. माह्यामागं आपल्या तांड्याचे फकिरा नायक बसले हायेत खुर्चीवर. त्यांच्या मांडीवर प्लेट, प्लेटीत तुह्या मायच्या हातची बाटी.

राखी : तेच म्हणते. तुम्ही हायवेवरच्या हॉटेलात वाईन चाखायला पांढरकवड्याले आले, हे माह्या डोक्यात शिरूनच नव्हतं राह्यलं. नायकांले मोटारसायकलवर बसवून तुम्हीच आणलं न?

धावजी : म्हातारे म्हणे, चवीचा मेळा काय असते ते दाखव. म्हणून आणलं.

राखी : मोठेबापू, मले लहान पोट्टी समजू नका. ज्याचं दुखलं त्याच्या घरच्या माणसानं पेला भरून हातात द्यायचा, दुसऱ्यानं तो नायकासमोर प्यायचा, की तांड्यात भांडण मिटलं. मंग त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. म्हणून तुम्हाले हातात पाह्यजे. टेबलावरचा चालत नाही.

धावजी : माहीत हाय तर मंग कायले ताणतं?

राखी : याडीनं, माझ्या मायनं, दोनदा नाही म्हटलं. दोनदा तांड्याची पंचायत बसवली तुम्ही, दोन्ही वेळा ती उठून गेली. म्हणून आता इथं आले, जिथं मला नाही म्हणता येत नाही.

धावजी : कूपन हाय माह्यापाशी. चार चवी लिवल्या हायेत त्याच्यावर. चार म्हणजे चार. नाही कशी म्हणशीन? बोलावू काय तुह्या साहेबाले?

राखी : बोलवा.

धावजी : नाही बोलावत. मी भांडाले नाही आलो, राखी. राजकुमारची सोयरीक अडकून राह्यली. घाटंजीकडची पोरगी हाय, बारावी झालेली. तिच्या तांड्याचा नायक म्हणते, पहिले घरातलं भांडण मिटवा, मंग आम्ही गूळ खायाले येतो. चुलतभाऊ हाय तुह्या. त्याचं काय चुकलं?

राखी : त्याचं काही नाही चुकलं.

धावजी : तेच म्हणतो मी. अन् माह्यं तरी काय चुकलं? तुह्या मायनं बायका जमवून माह्या भट्टीची मडकी फोडली. मी ठाण्यात गेलो? शिवी देली? भट्टी गेली, धंदा गेला, मी गप. अन् आता मीच हात पुढं करून राह्यलो.

राखी : तेच तर मले कधी कळलं नाही. तुम्ही गप बसणारं माणूस नाही. बकरी वावरात शिरली तरी तीन दिवस शिव्या देता. मडकी फुटली अन् तुम्ही ओट्यावर बसून पाहत होते म्हणे.

धावजी : भावजय होती. इज्जत केली म्या तिची.

लालीबाई : राखी, इचार त्यांले, बाट्या पाह्यजे काय. नाही पाह्यजे तर सरका म्हणा. माह्या दुकानापुढं कोणी फिरकून नाही राह्यलं यांच्यापायी.

धावजी : घे. पंधरा हातांवर उभा हाव, तरी मधात पोरीले घालून बोलते. जेठ हाय न मी! मडकी फोडली तवाबी पदर नाकापर्यंत ओढला होता. पदराखालून निशाणा धरला, पण एक मडकं चुकवलं नाही.

लालीबाई : सांग त्यांले, जेठाशी बोलू नये म्हणून नाही बोलत. बोलाची वेळ आली तर शब्द लय हायेत माह्यापाशी.

राखी : याडी, तू तुझ्या चुलीकडं पाहा. मी बोलते यांच्याशी.

लालीबाई : तू काय बोलशीन? तू तर त्याहीच्यावानी. ज्या घाणीनं बाप गेला तेच काचेच्या गिलासात भरून विकते. वर टाय बांधून.

राखी : टाय नाही, स्कार्फ आहे. आणि तुझ्या बाट्यांना इथंच गिऱ्हाईक भेटलं, याडी. त्या घाणीचं नाव सांगूनच लोक आले आहेत इथं.

लालीबाई : मी बचत गटाच्या बायकांसाठी आली. त्या म्हणे एक दिवस चल. कापसाचा पहिला वेचा सोडून आली. अन् आल्यापासून पाठ करून बसली तुह्या बाटल्यांकडं. मले त्या दिसल्या की त्याचं तोंड दिसते. ओट्यावर पडलेलं.

राखी : याडी, नको न.

लालीबाई : सांग त्यांले, त्यांच्या भट्टीची पिऊन माह्या माणसानं जीव देला. पेला नाही भेटत. ना माह्या हातचा, ना माह्या पोरीच्या.

धावजी : ऐकलं? तुही मायच सांगून राह्यली, पिऊन गेला म्हणून. अन् तू माह्यावर डोळे वटारते, दारुडा म्हणलं म्हणून. पहिले मायलेकींनी एक व्हा, मंग माह्याशी भांडा.

राखी : बरं. ठीक आहे, मोठेबापू. तुमचं कूपन आहे, चार चवी तुमच्या हक्काच्या.

धावजी : हां! आता शहाण्यासारखं बोलली.

राखी : पण इथली पद्धत पाळायची. आधी वास घ्यायचा, मग घोट, मग कशाकशाचा वास आला ते सगळ्यांपुढं सांगायचं. तीन पेले टेबलावरचे. चौथा मी हातानं देईन.

लालीबाई : राखी!

राखी : याडी, तुझ्या बाट्या करपून राह्यल्या.

धावजी : नायकासमोर बोलतं न? मंग फिरशीन.

राखी : नायकांसमोरच बोलते. नायक, खुर्ची जरा इकडं ओढा. इथून नीट ऐकू येईल. आणि हे पाहा, गॉगलवाले सर पण आले. या सर. हे आमच्या तांड्याचे धावजी. यांचं नाक साऱ्या तालुक्यात नावाजलेलं आहे.

धावजी : तालुक्यात नाही, जिल्ह्यात. बोरी अरबच्या बाजारातून माणसं येत होती मले वास दाखवाले. भट्टी होती तवा.

राखी : हं. जांभळाची. सांगा.

धावजी : आण. ... हां. जांभूळ हाय. पण कसं जांभूळ? झाडाखाली पडलेलं नाही, तोडलेलं हाय. अन् बी फोडली कोणीतरी याच्यात. घशात मागच्या बाजूनं तुरट लागते, ते बीचं. अन् गूळ नाही टाकला, साखर टाकली. गूळ टाकला असता तर जमिनीचा वास आला असता.

राखी : सर, बाटलीच्या मागं वाचा. साखरच आहे न?

धावजी : टाळ्या कायले वाजवता गा? हे तर कोणबी सांगन. पुढची आण.

राखी : ही ज्वारीची बियर. नागपूरची आहे. हिच्यासोबत काहीतरी तिखट खायचं असते.

धावजी : मंग भावजयीच्या दुकानातला ठेचा आण. बाटीचा तुकडाबी.

लालीबाई : सांग त्यांले, ठेचा त्यांच्यासाठी नाही कुटला.

राखी : दे याडी. कूपनात आहे.

धावजी : अहाहा. बाप्पा! कायची मिरची हाय हे! डोळ्यातून पाणी काढलं. पण सांगतो, या ठेच्यावर बियर म्हणजे... नायक, तुम्हीबी घ्या घोटभर. तोंड पेटलं अन् थंडं झालं, दोन्ही एकाच वेळी. हे लोक म्हणतात ते खरं हाय, नुसतं पिण्यात अर्धीच मजा असते.

राखी : वास सांगा, मोठेबापू.

धावजी : ज्वारी भिजवली, मोड आणले, मंग वाळवून भाजली. भाजतानी कोणाचं तरी ध्यान फोनात होतं. जरा जास्त भाजली. भाकर तव्यावर राह्यल्यावानी वास हाय खालून. पण वाईट नाही. मले आवडलं.

राखी : कंपनीनं मुद्दाम जास्त भाजली आहे.

धावजी : मुद्दाम कोणी करपवते काय गा? काय हे शहरातले लोक! हसा साहेब, हसा. पण कळलं का नाही मले?

राखी : कळलं. तुमच्या नाकातून काही सुटत नाही.

धावजी : कधीच नाही सुटलं. मी पहिल्या धारेचा नुसता वास घेऊन सांगत होतो, कोणत्या नाल्याचं पाणी वापरलं ते. नायक साक्षी हायेत. सांगा न नायक. मान हलवून राह्यले, पाहा.

राखी : ही मधाची. तिसरी.

धावजी : मधाची दारू? हे नवीन हाय. आण. ... थांब जरा. बोलू नको. ... हा मध पेटीतला नाही, राखी. जंगलातला हाय. अन् मोहाच्या फुलाच्या दिवसातला. चैतात मोहाखाली झोपलं की सकाळी अंगाले जो वास येते न, तो हाय. तुह्या आजा आम्हा दोघा भावांले मोहाखाली राखण बसवत होता. तुह्या बाप पूनम झोपून जाये. मी वेचत राहो.

राखी : बापू झोपून जात होते?

धावजी : हां. पाखरं यायची अन् त्याच्या पोटावरून फुलं उचलून न्यायची, तरी उठे नाही. लय गाढ झोप होती त्याले. ... चांगली हाय ही. सप्पा जत्रेत ही एकच खरी हाय. साहेब, ही घेऊन जा घरी.

राखी : म्हणजे मोहाचा वास तुम्ही कशातही ओळखता.

धावजी : मेल्यावरबी ओळखीन. आता चौथा. अन् हातानं.

(राखी चौथा पेला भरते, पण स्वतःच्याच हातात धरून ठेवते.)

राखी : हा हातानंच देते. पण याचा वास नाही विचारत. दुसऱ्या एका वासाचं सांगा.

धावजी : कोणत्या?

राखी : बापूच्या तोंडाचा. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या हप्त्यात, तुमच्या कापसाच्या पऱ्हाटीत फवारा मारून संध्याकाळी बापू बांधावर पडले. तुम्ही उचललं त्यांना. खांद्यावर घेतलं. त्यांचं तोंड तुमच्या मानेपाशी होतं. कशाचा वास आला?

धावजी : हे काय मधातच! लोकांसमोर असं बोलते काय?

राखी : लोक वास ऐकायलाच उभे आहेत.

धावजी : इतकी वर्षं झाली. आठवते काय कोणाले?

राखी : लहानपणीचा मोह आठवला. त्याच्यावरची पाखरं आठवली. भावाच्या तोंडाचा वास नाही आठवत?

धावजी : दारूचा होता. सांगितलं तर हाय तवाच सगळ्यांले.

राखी : कोणत्या दारूचा? मोहाची होती? गुळाची होती? कोणत्या धारेची? कोणत्या नाल्याचं पाणी? तुम्हाला तर सगळं कळते.

धावजी : मोहाची होती. माह्याच भट्टीची. झालं? दे आता.

लालीबाई : त्याच हप्त्यात?

धावजी : मंग.

लालीबाई : राखी, इचार त्यांले, भट्टी चालू कोठं होती. पोळ्याच्या आधी पोलिसांच्या भेवानं सप्पा मडकी माह्या गोठ्यात आणून ठेवली त्याहीनं. कडब्यामागं. कोरडी ठण होती. म्याच झाकली होती पोत्यानं.

राखी : याडी...

लालीबाई : महिनाभर होती. तो गेला तवाबी तिथंच होती. तेराव्याच्या नंतर नेली. मी... मी कशी इसरली हे?

धावजी : मंग दुसरीकडून प्याला असन. बोरीच्या गुत्त्यातून. मले काय माहीत!

राखी : आत्ता तुमची होती. आता बोरीची झाली.

धावजी : नायक, हे पोट्टी मले कोर्टात उभं करून राह्यली. मी भांडण मिटवाले आलो अन्...

लालीबाई : धावजी.

धावजी : काय?

लालीबाई : इकडं पाहा.

धावजी : भावजय, नाव घेऊन राह्यली तू माह्यं? डोक्यावरचा पदर...

लालीबाई : पडला पदर. पडू दे. माह्याकडं पाहून सांग. कशाचा वास होता?

धावजी : लोक हायेत.

लालीबाई : भट्टी फोडली तवाबी लोक होते. सांग.

धावजी : घरी बोलू, भावजय.

लालीबाई : सांग रे!

धावजी : औषधाचा होता. सडक्या लसणावानी. तोंडाले, अंगाले, साऱ्या शर्टाले.

राखी : आणि दारूचा?

धावजी : नव्हता.

राखी : जोरात.

धावजी : नव्हता दारूचा! पंपाचं झाकण गळत होतं. पाठ सप्पा ओली झाली होती त्याची. दुपारीच म्हणे, भाऊ, डोळे चुरचुरून राह्यले, पऱ्हाटी दोन-दोन दिसून राह्यली. म्या म्हणलं, थोड्याच ओळी राह्यल्या, मारून टाक, आभाळ येऊन राह्यलं. बोंडअळीनं त्या साली डोकं फिरलं होतं माह्यं. दोन औषधं एकात म्याच कालवली. दुकानदार म्हणे जोरदार होते.

लालीबाई : अन् मले येऊन म्हणलं, चढली त्याले.

धावजी : भेव वाटलं. वावर माह्यं, पंप माह्या, औषध माह्या हातचं. तवा जिकडंतिकडं फवारणीनं माणसं मरून राह्यलती, मालकाले पोलीस धरून राह्यलते. म्या म्हणलं, रात्रीतून उतरंल. दारूसारखंच उतरंल म्हणलं. मले काय माहीत नाही उतरत म्हणून!

लालीबाई : तू म्हणलं, झोपू दे, उतरंल. म्या झोपू देलं. ओट्यावर. घरात नाही घेतलं त्याले. म्हणलं, पिऊन आला, राहू दे बाहेर, अक्कल येईन.

राखी : याडी, बस.

लालीबाई : लाळ गळून राह्यलती. पाणी पाह्यजे म्हणे. दोनदा म्हणे. म्या म्हणलं, जाय, जिथं प्याला तिथंच माग पाणी. ... मी घरातून ऐकत होती. कडी लावून.

धावजी : भावजय, मले तवा...

लालीबाई : गप. सकाळी गाडी आणली तूच. गाडीत मले म्हणे, भावजय, लोक इचारतीन, प्याला होता म्हणून सांगजो, नाही तर सरकारी माणसं छळतीन. म्या सांगितलं. दवाखान्यात सांगितलं. माह्या तोंडानं.

धावजी : म्हणून तर मडकी फोडली तवा गप बसलो मी. मनात म्हणलं, फोडू दे. तिचा राग निघून जाईन. भट्टी गेली तरी चालंल.

राखी : भट्टी गेली तरी चालंल, खरं नको निघायले.

धावजी : निघालं न आता! बोललो न मी! नायकानं ऐकलं, या साहेबानं ऐकलं, साऱ्या मेळ्यानं ऐकलं. अजून काय पाह्यजे? दे आता तो पेला. तू बोलली होती, हातानं देते म्हणून.

राखी : याडी, तू सांग. तू म्हणशीन तसं.

लालीबाई : ठेव टेबलावर.

धावजी : हे बेइमानी हाय. नायकासमोर बोलली होती पोट्टी!

लालीबाई : कूपन घेतलं हाय न तू? मंग पी. कंपनीचं हाय. गिऱ्हाईक हायेस, पी अन् रस्त्यानं लाग.

धावजी : अन् राजकुमार? तुहं त्याच्याशी काय वैर हाय? तोंडी घास भरवला तू त्याले लहानपणी.

लालीबाई : भरवला. उद्या आला तर पुन्हा भरवीन. घाटंजीच्या नायकाले जाऊन सांग, आत्ता इथं सांगितलं ते. झाकणापासून सांग. ते म्हणतीन सोयरीक करा, तर मी स्वतः जाईन लग्नात, गाणे म्हणीन. पण तुले पेला नाही. मरेपर्यंत नाही.

धावजी : मी एकटाच हाव काय त्याले मारणारा? कडी कोणी लावली?

राखी : मोठेबापू, जा. जा इथून, नाही तर बाटली घालीन डोक्यात. नोकरी गेली तरी चालंल.

लालीबाई : राहू दे, राखी. खरं बोलला तो. हे मात्र खरं बोलला.

धावजी : नायक, तुम्ही काही तरी बोला! तुम्ही उठले काहून? प्लेट ठेवून... नायक, थांबा न! मी आणलं तुम्हाले, मी सोडतो. नायक! अहो, हायवेवर पायी कोठं चालले? नायक!

राखी : गेला. ... हो सर. काही नाही सर, घरचे होते. दोन मिनिटं. हो, पुढचं टेबल मीच घेते.

लालीबाई : तुह्या साहेब काय म्हणते?

राखी : काही नाही. बस तू. स्टुलावर बस. पाणी पी.

लालीबाई : पाणी नको दाखवू मले.

राखी : बरं. नुसती बस.

लालीबाई : तुले माहीत होतं?

राखी : पंपाचं नव्हतं माहीत. ते पिले नव्हते एवढं माहीत होतं. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर फोन आला होता बापूचा. जीभ जड लागत होती. मी पण विचारलं, बापू, पिले काय? म्हणे, तुह्या गळ्याची आण, छोरी, तू कॉलेजात गेली तवापासून थेंब नाही शिवला. मले दिसून नाही राह्यलं, तुह्या याडीले सांग.

लालीबाई : मंग सांगितलं काहून नाही?

राखी : सांगितलं, याडी. लगेच फोन केला तुला. तू म्हणाली, दारुड्याची आण काय ऐकते, अभ्यास कर. मग तेराव्याला सांगितलं. दिवाळीला सांगितलं. तू भट्टी फोडायला निघाली होती तेव्हा दारात आडवी झाली मी. तू माझ्या अंगावरून गेली.

लालीबाई : हां. गेली.

राखी : म्हणून ही नोकरी धरली मी. तुला वाटलं, बापाचं वाईट वाटत नाही हिला. मला राग होता तुझा. म्हणलं, जिच्या नावानं बापूला बुडवलं तीच विकीन, तुझ्या डोळ्यासमोर.

लालीबाई : चांगलं केलं.

राखी : चांगलं नाही केलं.

लालीबाई : तुले काय वाटते, त्या रात्री पाणी देलं असतं, गाडी आणली असती, तर...

राखी : माहीत नाही, याडी.

लालीबाई : खोटं तरी सांग.

राखी : खोट्यानंच झालं न सगळं.

लालीबाई : हां. ... दिवाळी आली. चुलीच्या इस्तवावर तूप-लापशी टाकून सगळ्या गेलेल्यांचं नाव घेतो आपण. तुह्या आज्याचं घेते, आजीचं घेते, माह्या सासूच्या सवतीचंबी घेते. याचं एकदाही नाही घेतलं म्या. त्याची येळ आली की तूप आखडतं घेतलं अन् उठून गेली.

राखी : माहीत आहे. मी मागून टाकत होते. तू पाठ केली की.

लालीबाई : टाकत होती?

राखी : दर वर्षी.

लालीबाई : या वर्षीबी तूच टाकजो, छोरी. मी बाजूले बसते. त्याचं नाव घ्याले गेली की माह्या तोंडात अजून शिवीच येते.